हे पान कोणासाठी लिहिलं होतं? एका शिकाऊ नौदल वैमानिकाची डायरी वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक काम मोठ्या उत्साहाने केलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विद्यार्थी-सैनिकांच्या डायऱ्या आणि पत्रं इंग्रजी भाषांतरात वाचायला घेतली आणि सोबत दोन हायलायटर घेऊन बसलो. देशासाठी, सम्राटासाठी मरण्याची भाषा आली की पिवळा. शंका, भीती, चीड किंवा घरची ओढ दिसली की हिरवा. आठवडाभराने पानं मोजली, हिरवा जास्त भरला आणि मी सेमिनारमध्ये ठोकून दिलं की ही मुलं मनातून युद्धाच्या विरोधात होती. मार्गदर्शकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "यातलं कुठलं पान कोणाला लिहिलंय?"

मला सांगता आलं नाही. डायरीतली पानं, आईला लिहिलेली पत्रं, वरिष्ठांना दाखवायच्या वहीतला मजकूर, सगळं मी एकाच ढिगाऱ्यात घालून रंगवलं होतं. संशोधनाची तयारी करत असाल आणि खासगी कागदपत्रांवर काम करायचा विचार असेल, तर ही चूक तुमच्याकडूनही होण्याची दाट शक्यता आहे. म्हणून आज एकाच माणसाचं उदाहरण सविस्तर घेतो.

त्याचं नाव हायाशी इचिझो. जन्म १९२२, गाव फुकुओकाकडचं. वडील लवकर गेले, आईने वाढवलं. आई ख्रिस्ती, घरात बायबलचं वाचन, आणि मुलगाही श्रद्धावान. क्योतो इम्पीरिअल युनिव्हर्सिटीत तो अर्थशास्त्र शिकत होता. तोवर जपानमध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून शिक्षण संपेपर्यंत सूट असे. १९४३ च्या शरद ऋतूत सरकारने ती काढून घेतली, पण सगळ्यांची नाही. विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक शिकणाऱ्यांची युद्धाला गरज होती, त्यामुळे ते बहुतेक वाचले. कायदा, अर्थशास्त्र, साहित्य, तत्त्वज्ञान शिकणारे गेले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोक्योत मेइजी देवळाच्या बाहेरच्या मैदानावर भर पावसात त्यांचा निरोप समारंभ झाला. डिसेंबरमध्ये भरती झाली.

इथे जरा थांबा, कारण या धोरणाचा थेट परिणाम आपल्या साधनांवर झाला आहे. जी मुलं उचलली गेली, ती आधीपासून वाचणारी, लिहिणारी, वह्या भरणारी होती. जर्मन तत्त्वज्ञान, रशियन कादंबऱ्या, मार्क्स हा त्यांचा रोजचा खुराक होता. 'तोक्को' म्हणजे विशेष हल्ला पथकांत, ज्यांना आपण कामिकाझे म्हणून ओळखतो, सुमारे ४,००० वैमानिक मेले असं मानलं जातं. त्यात विद्यापीठातून आलेले साधारण १,०००. उरलेले बहुतेक किशोरवयात भरती होऊन शिकलेले. पण आज जी डायऱ्यांची पुस्तकं आपल्या हाती येतात, ती मुख्यतः त्या १,००० जणांतल्या काहींची. म्हणजे 'कामिकाझे वैमानिक काय विचार करत होते' असं शीर्षक तुमच्या निबंधाला देण्याआधी दहा वेळा विचार करा. आपण पुस्तकवेड्या मुलांचं लिखाण वाचतोय, आणि ते पुस्तकी आहे याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

इचिझो नौदलात गेला आणि राखीव अधिकारी म्हणून वैमानिकाचं प्रशिक्षण घेऊ लागला. त्याच्या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा वोनसानच्या तळावर झाला. हे शहर आज उत्तर कोरियात आहे, तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. आपल्या डोळ्यांसमोर वैमानिक म्हटलं की आकाश येतं. प्रत्यक्षात या मुलांच्या वाट्याला जमीनच जास्त आली. इंधन संपत चाललं होतं, उड्डाणाचे तास कमी होत गेले. वरिष्ठांच्या हातचा मार मात्र कमी झाला नाही. त्याला नाव होतं 'सुधारणा', आणि मारायच्या दांडक्याला नौदलात 'चैतन्य भरण्याची काठी' म्हणत. तळावरच्या भाषेत मारहाणीला सुधारणा म्हणतात हे एकदा कळलं की तिथल्या इतर शब्दांकडेही आपण सावधपणे बघू लागतो. उदाहरणार्थ 'स्वेच्छेने'. फेब्रुवारी १९४५ मध्ये इचिझोची तोक्कोसाठी निवड झाली. त्या काळात अनेक तळांवर मुलांपुढे कागद ठेवला जाई: तीव्र इच्छा आहे, इच्छा आहे, इच्छा नाही. वरिष्ठ समोर उभे, शेजारी मित्र लिहितोय. या कागदावरच्या खुणेला तुम्ही त्याचं मत म्हणाल का?

आता त्याच्या लिखाणाकडे येऊ.

प्रशिक्षणात असलेल्या मुलाच्या हातून साधारण चार प्रकारचा मजकूर लिहिला जात असे. एक, प्रशिक्षणाचाच भाग असलेली वही. आज काय शिकलो, कुठे कमी पडलो, मन कसं घट्ट केलं. ही वही वरिष्ठ तपासत, शेरे मारत. दुसरी, स्वतःची लपवून ठेवलेली डायरी. तिसरा प्रकार घरी धाडलेल्या पत्रांचा, आणि त्यात पुन्हा दोन जाती: तळाच्या टपालातून तपासणी होऊन गेलेली आणि सुटीवर निघालेल्या मित्राच्या किंवा भेटायला आलेल्या माणसाच्या हाती गुपचूप दिलेली. चौथा, मरणाआधी लिहून ठेवायचा निरोप, ज्याची एक ठरलेली धाटणी होती. हस्ताक्षर चारही ठिकाणी एकच. पण लिहिताना समोर दिसणारा वाचक वेगळा.

ठरलेली धाटणी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावायची गरज नाही. आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पत्रं काढा. 'तीर्थरूप मातोश्रींचे चरणी बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार' अशी सुरुवात. या वाक्यावरून कोणी असा निष्कर्ष काढला की पत्रलेखक रोज आईपुढे लोटांगण घालत होता, तर आपण हसू. तो साचा आहे, पत्र तिथून पुढे सुरू होतं. पण सैनिकाच्या अखेरच्या निरोपात 'आनंदाने देह ठेवतो' असं आलं की आपण हसत नाही. एक तर भारावून जातो किंवा हादरतो, आणि दोन्ही वेळा तो साचा आहे हे विसरतो. उलटही खरं आहे बरं का. साच्यात लिहिलं म्हणून भावना नव्हती असं नाही. मातोश्रींना साष्टांग नमस्कार लिहिणाऱ्याचं आईवर प्रेम असूच शकतं. साच्यातून एवढंच कळतं की या वाक्यावर आपल्याला काही उभारता येणार नाही.

इचिझोची १९४५ च्या सुरुवातीच्या महिन्यांतली डायरी टिकली आहे. त्यात तो स्वतःशी झगडतो आहे. सम्राटासाठी मरण्याची इच्छा मनापासून आलेली आहे असं आपल्याला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही, हे तो लिहितो. पण आपलं मरण त्याच्यासाठीच हे ठरून गेलंय, हेही लिहितो. प्रत्यक्ष मरणाच्या क्षणापेक्षा, त्याच्या भीतीने उरलेलं जगणं ढवळून निघेल याची त्याला जास्त धास्ती आहे. किर्केगार्दचं 'मरणप्राय व्याधी' हे पुस्तक त्याच्या सोबतीला होतं. माझ्या हिरव्या हायलायटरला ही सगळी पानं मेजवानीच होती.

पण त्याच डायरीत देशाबद्दलची ओढही आहे, आणि ती साच्यातली वाटत नाही. तिथे मी काय केलं? खरं सांगायचं तर घाईने पुढे गेलो. एखाद्या ओळीला 'हे त्याला बोलायला भाग पाडलंय' असं मनात म्हटलं आणि रंगच दिला नाही. आता विचार करा. लपवून लिहिलेल्या डायरीत त्याला कोण भाग पाडणार होतं? मी त्याच्या बाजूने साक्ष देत नव्हतो, मी त्याच्या तोंडी माझं मत घालत होतो. आणि तो २३ वर्षांचा असताना मेला आहे. 'मला असं म्हणायचं नव्हतं' हे सांगायला येणार नाही. या कामात जबाबदारी म्हणतात ती हीच. जिवंत माणसाची मुलाखत घेतली तर तो निदान तक्रार करू शकतो.

पत्रांकडे वळलं की अजून एक गुंता समोर येतो. वोनसानहून निघण्याच्या दोन दिवस आधी त्याने आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. कदाचित विमान हाकाताच्या, म्हणजे घरच्या भागावरून जाईल, तेव्हा वरूनच गुपचूप तुझा निरोप घेईन, असं त्यात आहे. आपल्या पत्रांत तो आईला सांगतो की बायबल सोबत आहे, तिचा फोटो सोबत आहे. मी तुझ्या आधी स्वर्गात जातोय, असं सांगता सांगता तो मध्येच विचारतो की मला आत घेतील ना? प्रार्थना कर, कारण तू जिथे येणार तिथे मी नसलो तर मला सहन होणार नाही.

हा प्रश्न मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरलो. वरवर पाहिलं तर लाडक्या लेकाचा हट्ट वाटतो. पण विचारणारा श्रद्धावान ख्रिस्ती आहे, आणि त्याला जे करायचं आहे त्यात स्वतःचा आणि दुसऱ्यांचा जीव घेणं आहे. मग 'आत घेतील ना' हा प्रश्न अचानक जड होतो. त्याच्या मनात पापाची शंका होती का? मला तसं वाटतं. पण सिद्ध करता येईल का? नाही. मी एवढंच दाखवू शकतो की हा प्रश्न तपासणीच्या वहीत येऊच शकला नसता, कारण तिथे स्वर्गाचा दरवाजा उघडणारी आई वाचक म्हणून नव्हती. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की आईला लिहिताना मुलं घाबरल्याचं लपवतात, जेवण चांगलं मिळतंय म्हणून सांगतात. वसतिगृहातून घरी फोन करताना आपण काय वेगळं करतो? तेव्हा पत्र खरं आणि वही खोटी अशी सोपी वाटणीही चालत नाही. आईजवळ एक गोष्ट उघडी होते आणि दुसरी झाकली जाते. मित्राजवळ नेमकं उलटं होत असेल.

१२ एप्रिल १९४५ रोजी क्युशूच्या दक्षिणेकडच्या कानोया तळावरून त्याने ओकिनावाच्या दिशेने उड्डाण केलं. तो परतला नाही.

मग कागदांचं काय झालं? हा प्रश्न नवीन संशोधक विचारतच नाहीत, आणि माझ्या मते हाच निम्मा अभ्यास आहे. जूनमध्ये फुकुओका शहर बॉम्बहल्ल्यात जळालं. घराघरांतून किती पत्रं राख झाली याचा हिशेब नाही. जी उरली ती कोणीतरी जपली म्हणून. इचिझोचं लिखाण त्याच्या बहिणीने संपादित केलं आणि ते पुस्तकरूपाने १९९५ मध्ये आलं, म्हणजे पन्नास वर्षांनी. पुस्तकाच्या नावात सूर्य आणि ढाल ही बायबलच्या स्तोत्रांतली प्रतिमा आहे. म्हणजे पुस्तक उघडण्याआधीच आपल्याला सांगितलं गेलंय की हा श्रद्धावान मुलगा होता. ते खरंच आहे. पण तळावरच्या एखाद्या सहकाऱ्याने हेच कागद छापले असते तर नाव वेगळं असतं आणि आपण वेगळ्या अपेक्षेने पहिलं पान उलटलं असतं.

संपादनाचं याहून मोठं उदाहरण म्हणजे १९४९ चा 'किके वादात्सुमी नो कोए' हा संग्रह. नावाचा अर्थ साधारण 'ऐका, समुद्राचे आवाज'. युद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांचं लिखाण त्यात एकत्र केलं आहे. हे पुस्तक जपानमध्ये प्रचंड वाचलं गेलं आणि युद्धविरोधी भावनेचा जणू आधारग्रंथ झालं. फ्रेंच साहित्याचे अभ्यासक वातानाबे काझुओ यांनी प्रस्तावनेत एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. त्यांचा सुरुवातीचा आग्रह असा होता की कडवी राष्ट्रवादी, अगदी युद्धाचं गुणगान करणारी टिपणंही छापावीत, तेच न्यायाचं होईल. प्रकाशनाचं काम पाहणाऱ्यांना ते पटलं नाही, आणि शेवटी वातानाबेंनीही त्यांचं म्हणणं मान्य केलं. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. देश नुकताच राखेतून उठत होता, त्या टिपणांनी पुन्हा कोणी पेटलं तर काय, ही भीती होती. शिवाय देशावर अमेरिकेचा ताबा होता आणि छापील मजकुरावर त्यांची तपासणी. पण याचा अर्थ काय झाला बघा. मी हायलायटर घेऊन बसायच्या कितीतरी वर्षं आधी कोणीतरी पिवळी पानं काढून ठेवली होती. माझा 'हिरवा जास्त' हा निष्कर्ष संपादकांनी दिलेला होता, मी तो फक्त मोजून परत सांगितला. ही गोष्ट कळली त्या दिवशी मला घाम फुटला होता.

छापील संग्रहावर काम करताना आधी प्रस्तावना वाचा, नंतरच्या आवृत्तीची प्रस्तावनाही वाचा, आणि दोन आवृत्त्यांतला एखादा मजकूर ओळीला ओळ लावून पाहा. कंटाळवाणं काम आहे. पण करा.

भाषांतराबद्दल थोडक्यात. मला जपानी येत नाही, त्यामुळे या मुलांवर मी मूळ संशोधन करू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. जपानी मजकूर वाचून त्यावर काम करायचं तर एमिको ओनुकी-टिअर्नी यांची पुस्तकं बघा. त्यांनी या विद्यार्थ्यांच्या वाचनयाद्यांपासून साकुराच्या फुलाच्या प्रतिमेपर्यंत बारकाईने पाहिलं आहे. भाषांतरात काय हरवतं ते एका शब्दावरून कळेल. आईला हाक मारायला जपानीत औपचारिक शब्द आहे, घरगुती आहे, लहान मुलाचा आहे. आपल्याकडे 'मातोश्री', 'आई' आणि 'आये' यांत जे अंतर आहे तसंच. इंग्रजीत बऱ्याचदा त्या सगळ्यांचं एकच 'मदर' होतं, आणि कुठल्या ओळीवर त्याचा आवाज बदलला तेच कळेनासं होतं.

एक व्यावहारिक सूचनाही देऊन टाकतो. याच काळात हायाशी आडनावाचा आणखी एक मुलगा आहे, हायाशी तादाओ. तोही क्योतोचा विद्यार्थी, तोही नौदलात वैमानिक झाला, त्याचीही डायरी प्रसिद्ध आहे. मी सुरुवातीला टिपणांवर नुसतं 'हायाशी' लिहीत होतो आणि दोघांची कार्डं एकमेकांत मिसळली. निस्तरायला दोन दिवस गेले. तादाओ तोक्को पथकात नव्हता. तो २८ जुलै १९४५ ला मारला गेला, युद्ध संपायला तीन आठवडेही उरले नव्हते. त्याची वृत्ती इचिझोपेक्षा फार वेगळी, जास्त कडवट, राजकीय. आणि तिसरा, सासाकी हाचिरो, तोक्यो इम्पीरिअल युनिव्हर्सिटीचा. तो मार्क्स वाचणारा, जुनी भांडवलशाही व्यवस्था कोसळावी असं वाटणारा. त्याने मियाझावा केन्जींच्या एका बालकथेवर निबंध लिहिला आहे. कथा कावळ्यांच्या लढाऊ आरमाराची. त्यातला कप्तान शत्रूला मारून येतो आणि ज्याचा द्वेष करता येत नाही अशा शत्रूला मारावं न लागो, असं मागणं ताऱ्यांकडे मागतो. सासाकीला हा कावळा जवळचा वाटला. १४ एप्रिल १९४५ ला तोही ओकिनावाकडे गेला, इचिझोनंतर दोन दिवसांनी. या तिघांना एका खान्यात बसवून दाखवा, मी तुमचा प्रबंध विकत घेऊन वाचेन.

तुम्ही म्हणाल, जपानी येत नाही तर हा उद्योग कशाला? माझा स्वतःचा विषय पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची पत्रं हा आहे. त्यात मराठी शिपाईही आहेत. ही पत्रं आपल्याला आज वाचता येतात त्याचं कारण ब्रिटिशांची तपासणी कचेरी. फ्रान्समधून जाणारी-येणारी पत्रं तिथे उघडली जात, निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित होऊन अहवालात लावले जात. मूळ कागद बहुतेक गेले, अहवाल उरले. म्हणजे इथे संपादक कोण, तर तपासणी अधिकारी. आणि शिपायांना हे ठाऊक होतं. एका प्रसिद्ध पत्रात काळी मिरी संपत आली आणि आता लाल मिरी वापरायला काढतायत अशा अर्थाचा मजकूर आहे. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. तो वाचायला गावातला भाऊबंद होता, आणि मधे बसलेला साहेबही होता. साहेबाला ते कळलं, म्हणूनच ते आपल्यापर्यंत पोचलं. ज्या पत्रांतली खूण त्याला कळली नाही, ती मिऱ्यांची साधी खबर म्हणून पुढे निघून गेली असणार.

त्यानंतर मी टिपणाच्या कार्डाची आखणी बदलली. वरच्या डाव्या कोपऱ्यात पूर्वी 'विषय' लिहायचो. तिथे आता तीन गोष्टी लिहितो: कोणाला लिहिलं, कोणत्या वाटेने गेलं, कोणी जपलं. उतारा त्याच्या खाली. बऱ्याच कार्डांवर तिसरा रकाना रिकामा राहतो आणि तो तसाच ठेवावा लागतो. इचिझोच्या स्वर्गाच्या प्रश्नाचं कार्ड मी पुन्हा केलं, तेव्हा पहिल्या रकान्यात 'आई' लिहिलं. रंग मात्र त्याला अजून कुठलाच दिलेला नाही.